मोडून ठेवलेली फटफटी

डिसेंबर लागला की आमच्या जळगावच्या गल्लीत सकाळपासून भाजलेल्या वांग्यांचा वास फिरू लागतो आणि मी पलंगाखालून फटफटी ओढून काढतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे बायकोला लग्नाला सत्तावीस वर्षं होऊनही पटलेलं नाही. लोक थंडीत गोधड्या बाहेर काढतात, मी गाडी काढतो. गोधडीसारखीच तिला ऊन दाखवतो, पुसतो, तिचे सांधे उघडून-मिटून बघतो. मात्र ती मी आजवर एकदाही चालवलेली नाही.

पलंगाखाली मोटरसायकल मावते यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. ही मावते. हँडलच्या दोन फिरक्या सैल केल्या की हँडल आडवं होऊन टाकीला टेकतं, सीटचा दांडा खाली सरकतो, पाय ठेवायच्या खुंट्या वर वळतात आणि बघता बघता गाडीचं गाठोडं होतं. चाकं जेवणाच्या ताटाएवढी. गिअर नाही, किकही नाही. गाडी ढकलत पळायचं आणि फुर्रर्र झालं की उडी मारून बसायचं. महायुद्धात सैनिकांबरोबर विमानातून खाली सोडायला असल्या गाड्या विलायतेत बनवल्या होत्या म्हणतात. आमची त्यातलीच, की लढाई संपल्यावर त्या नमुन्यावर बनवलेली, यावर दोन जाणकारांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

जाणकार येतात मात्र खूप. पुण्याहून येतात, इंदूरहून येतात, अंगणात गुडघे टेकून इंजिनाखाली डोकं घालतात, फोटो काढतात. चहा होतो. मग खाकरून विषय काढतात, विकायची का? मी सांगतो, अर्धीच माझी आहे. त्यांना वाटतं भावाभावांत वाटणीचं काहीतरी चाललं असेल. घरोघरी मातीच्या चुली, असं काहीसं पुटपुटून ते समजूतदारपणे मान हलवतात आणि नंबर ठेवून जातात.

उरलेली अर्धी गाडी भुसावळच्या हबीबचाचांची आहे. चाचांचं लेथचं दुकान होतं आणि ते माझ्या वडिलांचे, आबांचे, जिवलग दोस्त होते. ती दोस्ती मी तोडली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि एका क्रियापदानं हे काम झालं. आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. चाचा आहेत. दर हिवाळ्यात गाडी पुसताना मी ठरवतो की भुसावळला जायचं आणि त्यांना सांगायचं, चाचा, चूक माझी होती. दर हिवाळ्यात काहीतरी निघतं आणि होळी येते. यंदा एका ओळखीच्या मेकॅनिकनं सहज सांगितलं की म्हातारबाबांनी दुकानात यायचं सोडलं, कानानंही कमी ऐकू येतं. ते ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही.

आम्ही भुसावळजवळ दीपनगरला राहायचो. आबा पॉवर हाऊसमध्ये पाळीवर होते. ही गाडी आबा आणि चाचा दोघांना भंगाराच्या ढिगाखाली एकदमच दिसली, म्हणून ती दोघांची. एक महिना आमच्याकडे, एक महिना चाचांकडे. पहिल्यांदा ती घरी आली तेव्हा आई दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. आई धुळ्याकडची, अहिराणीच बोलायची. "हाई काय शे?" तिनं विचारलं. आबांनी मोठ्या उत्साहानं हँडल उभं केलं, सीट वर ओढली आणि तिच्यावर बसून दाखवलं. त्यांचे गुडघे कानाला लागले. आई म्हणाली, "बठ्ठा लोके हासतस तुमले." लोक हसले, ही गोष्ट खरी. पण आबा आणि चाचाही हसत, त्यामुळे हसणाऱ्यांची पंचाईत होई.

हिवाळ्यातले रविवार भरिताचे. सावद्याकडे आबांच्या ओळखीचे एक नाना होते, केळीवाले. त्यांच्या मळ्यात जायचं. भुसावळहून पॅसेंजर धरायची, आणि फटफटी बारदानात शिवून सोबत. टाकी रिकामी करून घेतलेली असे. तिकीट तपासायला टीसी आला की बारदानाला पाय लावून विचारायचा, काय आहे हे? चाचा अत्यंत गरीब चेहरा करून सांगायचे, सिलाई मशीन. एकदा एक टीसी खमका निघाला. हाताची की पायाची, म्हणाला. चाचा म्हणाले, "पैर से चलती है, साब." आबांनी खिडकीबाहेर तोंड केलं आणि त्यांची पाठ हलत राहिली. सावदा येईपर्यंत ती हलतच होती, असं मला आठवतं. आठवणीला एवढी सूट द्यायला हरकत नसावी.

स्टेशनाबाहेर गाडी उलगडायची तो सोहळा बघायला हमाल, भजीवाला, टांग्यातल्या बायका, सगळे जमत. मग प्रश्न यायचा की बसायचं कुणी. सीट एकच, आणि दोघं बसले तर इंजिन रडायचं. त्यावर त्या दोघांनी काढलेला उपाय मला अजून कुठे बघायला मिळालेला नाही. आबा गाडीवर पुढे जात, रस्त्यातल्या एखाद्या मोठ्या निंबाखाली गाडी लावून ठेवत आणि चालू लागत. मागून चाचा चालत निंबापर्यंत येत, गाडी घेत, आबांना मागे टाकून पुढच्या निंबापर्यंत जात. चावी नव्हतीच. रस्त्याकडेला एकटी उभी राहिलेली ती गाडी कुणी नेईल असं त्यांच्या मनातही येत नसे.

मी कायम चालणाऱ्यासोबत; निंबापाशी गाडी बदलली की पुढे गेलेला माझ्यासाठी थांबायचा आणि मी पळत त्याला गाठायचो. एका निंबापर्यंत चाचांचं बोट, पुढच्या निंबापर्यंत आबांचं. त्यामुळे रस्ताही असा तुकड्यातुकड्यांनी दोन भाषांतून जायचा. चाचा भुसावळी हिंदीत इंजिनाबद्दल सांगत, आबा मराठीत केळीच्या बागांबद्दल. दोन्ही बाजूंना ओलसर हिरवा अंधार, मधून पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि थंडीमुळे नाक इतकं गार की आपलंच आहे का ते चाचपून बघावं लागे. आज त्या रस्त्यानं कारनं गेलो तर वीस मिनिटं लागत नाहीत. तेव्हा सकाळच्या सकाळ लागायची आणि ती पुरायची नाही.

मळ्यात नाना वाट बघत असत. गाडी दिसली की ठरलेलं वाक्य, "आनलं का हो ते शेयीचं पिल्लू?" केळीला केयी आणि शेळीला शेयी म्हणणारी ती बोली. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळात हिरवी पांढुरकी वांगी टाकलेली असत. त्यांची सालं तडतडायची. मग ती सोलून लाकडी बडगीत, म्हणजे आमच्याकडच्या खोलगट लाकडी भांड्यात, हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायची. ठेचायचं काम चाचांचं. लेथवर काम करून त्यांचे दंड दगडासारखे झालेले. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी, आणि केळीच्या पानावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. तिखटानं डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते पुसायला हात मोकळा नसायचा. इतकं निर्भेळ सुख मला पुढे फार थोड्या वेळा मिळालं. हे लिहिताना संकोच वाटत नाही.

म्हणजे घरात अहिराणी, मळ्यात नानांची लेवा बोली, चाचांची हिंदी, आणि शाळेत गुरुजींचं पुस्तकी मराठी. शाळा भुसावळला होती. त्या वर्षी मराठीत मी पहिला आलो होतो आणि ते डोक्यात गेलं होतं. कुणी काही बोललं की मी ते मनातल्या मनात शुद्ध करून घ्यायचो. आईच्या 'शे'चं 'आहे' करायचो, नानांच्या शेयीला ळ लावायचो. चारचौघांत ते बोलूनही दाखवायचो. आई म्हणायची, याला कुणीतरी दोन ठेवून द्या.

त्या डिसेंबरात गाडी चाचांकडे होती. चाकाची बेअरिंग गेली होती आणि ते लेथवर काहीतरी जुळवून बसवत होते. बुधवारी शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखा दुकानावरून बस स्टँडकडे निघालो. लेथ चालू होता, लोखंडाची कुरळी साल पायाशी पडत होती. चाचांनी मान वर न करता ओरडून सांगितलं, "आबा को बोल, गाडी मोड दी है. इतवार को बोरी में डाल के ला दूँगा."

बसमध्ये मी ते वाक्य घासूनपुसून शुद्ध केलं. घरी आबा दुसऱ्या पाळीवरून आले तेव्हा मी जागा राहून, छाती पुढे काढून सांगितलं, "चाचांनी गाडी मोडली. रविवारी पोत्यात घालून आणून देणार आहेत."

हिंदीत मोडणं म्हणजे घडी घालणं. हे मला आज माहीत आहे. मराठीत गाडी मोडली म्हणजे तिचे तुकडे झाले, आणि तुकडेच पोत्यात घालून आणतात. त्यात आणखी एक झालं होतं. पंधरा दिवसांपूर्वी मळ्यात नानांचा फवारणीचा पंप बंद पडला, तेव्हा चाचा हसत म्हणाले होते की या गाडीचं इंजिन पंपाला मस्त बसेल. सगळे हसले होते. आबा जरा कमी हसले होते.

आबांनी मला जवळ बोलावलं. मोडली म्हणाले का, हाच शब्द होता का, असं विचारलं. मी म्हणालो, हो, हाच. आणि तो खरोखरच हाच होता.

सकाळी मी दप्तर घेऊन निघताना आबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "हबीबला सांग, शेवटी जातीवर गेलास." आई चुलीपुढून उठली. "एकदाव जाईसन इचारी ल्या," म्हणाली, एकदा जाऊन विचारून तरी घ्या. आबांनी पुन्हा साबण लावायला घेतला. जातीवर गेली हे आमच्याकडे मांजरीला म्हणत, तिनं दुधात तोंड घातलं की. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. त्या दिवशी दुकानात जाऊन मी ते शब्दन् शब्द सांगितलं. या वेळी काही शुद्ध करावं लागलं नाही, मराठीच होतं. चाचांनी लेथ बंद केला. तो बंद झाल्यावर दुकानात किती शांत वाटतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अजून काही बोलले का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. घर जा, बस छूट जाएगी, असं म्हणून ते पाणी प्यायला माठाकडे गेले.

रविवारी एक हातगाडीवाला दारात आला. वर बारदान, नीट शिवलेलं. आबांनी सुतळी कापली. आत फटफटी, घडी घालून ठेवलेली. नवी बेअरिंग, पुसलेली टाकी, फिरक्यांना तेल. आबांनी हँडल उभं केलं, सीट ओढली, चाक फिरवलं. चाक कितीतरी वेळ फिरत राहिलं. आई उंबऱ्यात उभी होती. "आख्खी शे," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आबांनी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं चहा पिऊन जातील. चहा झाला. मग वाटलं जेवून जातील. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, पाळी होती. असे त्यांचे सोमवार किती गेले ते सांगत बसत नाही. पुढे माझी शाळा बदलली, आबांची बदली झाली, भरिताला नाना बोलवायचे ते हळूहळू थांबले. पण थंडी पडली की आबा गाडी काढून पुसायचे. कुणाला हात लावू देत नसत. चालवतही नसत. मी एकदा तरुणपणी ढकलत नेऊन चालू करायला गेलो तर म्हणाले, राहू दे, एकट्याची नाही ती.

माझी चूक मला कळली ती कॉलेजात असताना. बऱ्हाणपूरला एका मित्राकडे मुक्काम होता. सकाळी त्याची आई धाकट्याला ओरडली, चादर मोड़ के रख. त्या मुलानं चादरीची घडी घातली. मी अंथरुणावर बसून ती घडी बघत राहिलो. घरी येऊन आबांना सांगावं असं फार वाटलं. पण गाडी अख्खी आहे हे त्यांना त्या रविवारीच कळलं होतं. मग मी नवीन काय सांगणार होतो? उलट तो विषय काढला असता तर ते उठून गेले असते. मी गप्प बसलो. गप्प बसण्याचं वळण आमच्या घरात वडिलोपार्जित आहे.

तर यंदा, परवाच्या रविवारी, मी गाडीची घडी घातली, कारच्या डिकीत ठेवली आणि भुसावळला गेलो. बायको म्हणाली, मी येते. म्हटलं, नको.

चाचा ओट्यावर उन्हात बसले होते. मोठा देह होता, तो कापडासारखा आकसलेला. सुनेनं कानाशी वाकून माझं नाव, आबांचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली ठेवलेल्या गाडीकडे. कुणी काही म्हणायच्या आत ते भिंतीला धरून उठले, खाली बसले आणि फिरक्या सैल केल्या. हँडल उभं केलं, सीट ओढली, खुंट्या पाडल्या. हात एकदाही चुकले नाहीत. चाक फिरवून त्यांनी बेअरिंगला कान लावला. ऐकू काय आलं असेल, देव जाणे. अच्छी रखी है, म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. त्यांचं मोड दी, माझं मोडली, पोतं, फवारणीचा पंप, सगळं. आवाज मोठा असल्यामुळे शेजारच्या ओट्यावरच्या बाईनंही ऐकलं असणार. चाचा मान हलवत होते. सांगून झालं तेव्हा मला मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं आता ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

ते म्हणाले, "वो मेरे को उसी दिन समझ में आ गया था. भुसावल का हूँ मैं, मोडना मेरे को नहीं मालूम?"

मग त्यांनी विचारलं, "दूसरी बात तो तूने सही पहुँचाई थी ना?"

मी इतकी वर्षं त्या वाक्याला हातच लावला नव्हता. मांजरीचं वाक्य म्हणून बाजूला ठेवून दिलं होतं. माझी चूक मी घासून घासून एवढी मोठी केली होती की तिच्या आड आबांचं ते वाक्य दिसू नये. मला 'नाही' म्हणता आलं असतं. आबा तसं म्हणाले नव्हते, मीच काहीतरी जुळवलं, दहा वर्षांचं पोर ते, असं सांगता आलं असतं. म्हातारा माणूस, त्याला बरं वाटलं असतं.

"हो चाचा," मी म्हणालो. "ती बरोबर पोचवली होती."

त्यांनी हँडलवरचा हात काढला नाही. सून चहा घेऊन आली, ठेवून गेली. रस्त्यानं केळीनं भरलेला ट्रॅक्टर गेला आणि त्याची धूळ खाली बसली. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, आखिर में उसने मेरा नाम लिया था?

आबा शेवटचे अकरा दिवस अंथरुणावर होते. मी पूर्ण वेळ जवळ होतो. आईचं नाव घेतलं, पॉवर हाऊसमधल्या कुणाकुणाची नावं घेतली, गावाकडच्या बैलाचं घेतलं. मी ते सगळं ऐकलं होतं. या वेळी मला कुठलाही शब्द घासायचा नव्हता.

"नाही घेतलं," मी म्हणालो.

चाचांनी मान हलवली. "मैंने भी नहीं लिया. इतने साल में एक बार नहीं," ते म्हणाले. "दीपनगर था ही कितनी दूर. नाम लेता तो जाना पडता."

चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली आणि कप माझ्यापुढे सरकवला.